देवरीचे फॉरेस्ट, नॉर्मन राजाचे फॉरेस्ट

मुंबई-कोलकाता महामार्गावर छत्तीसगडची हद्द लागायच्या थोडे आधी देवरी येते. गोंदिया जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. अवतीभवती डोंगर, साग-बांबूचे रान, धानाच्या बांध्या आणि गोंड-हलबांची वस्ती. इथल्या बोलण्यात ‘जंगल’ आणि ‘फॉरेस्ट’ हे दोन्ही शब्द रोज येतात, आणि त्यांची सहसा गल्लत होत नाही. मोह वेचायला जायचे ते जंगलात, सरपण आणायचे तेही जंगलातून. पण जमीन ‘फॉरेस्टची’ असते, पंचनाम्याला ‘फॉरेस्टवाले’ येतात, कुणाचा मुलगा ‘फॉरेस्टमध्ये’ लागतो आणि रस्त्याचे काम ‘फॉरेस्टने’ अडवलेले असते. झाडाचे नाव नसलेल्या माळाकडे बोट दाखवून ‘ही जागा फॉरेस्टमध्ये आहे’ असे कुणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. इंग्रजी शिकलेला माणूस यावर हसेल आणि म्हणेल की फॉरेस्ट म्हणजे जंगलच, लोकांनी खात्याचे नाव उगाच जमिनीला चिकटवले. माझे म्हणणे याच्या उलट आहे. फॉरेस्ट या शब्दाचा जुना आणि अस्सल अर्थ देवरीच्या बोलण्यातच टिकून आहे. झाडांचा अर्थ नंतर आला. पूर्व विदर्भात ‘झुडपी जंगला’चा जो वाद गेली कित्येक दशके चालला, तो समजून घ्यायलाही शब्दकोशापेक्षा हा गावचा वापर अधिक उपयोगी पडतो.

इंग्लंडमध्ये हा शब्द नॉर्मन लोकांबरोबर गेला. त्याचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमध्ये आहे आणि बहुतेक भाषाभ्यासक ते ‘बाहेर’ या अर्थाच्या ‘फोरिस’ शब्दाशी जोडतात. बाहेर म्हणजे कशाच्या बाहेर? सर्वसाधारण कायद्याच्या, सर्वसाधारण वहिवाटीच्या. फ्रँकिश राजांनी काही राने स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवली, तिथे इतरांना मज्जाव केला, आणि त्या राखलेल्या प्रदेशाला हे नाव पडले. १०६६ मध्ये विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढच्या काही वर्षांत हीच पद्धत तिथे लागू केली. दक्षिण इंग्लंडमधले न्यू फॉरेस्ट साधारण १०७९ च्या सुमारास असे ‘निर्माण’ झाले. निर्माण झाले याचा अर्थ तिथे झाडे लावली असा नाही. एक हद्द ठरली आणि त्या हद्दीत राजाचा वेगळा कायदा चालू लागला, इतकेच. हद्दीत गावे होती, शेते होती, पाणथळ होती, उघडे माळ होते. डार्टमूरच्या उघड्या पठाराचा मधला भाग आजही डार्टमूर फॉरेस्ट म्हणून ओळखला जातो, आणि स्कॉटलंडमधल्या ‘डिअर फॉरेस्ट’मध्ये मैलोगणती झाड दिसत नाही. जॉन मॅनवुड या वकिलाने १५९८ मध्ये फॉरेस्टच्या कायद्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात वन्य प्राणी आहेत, त्यांना लागणारी हिरवाई आहे, न्यायालये आहेत, अधिकारी आहेत. प्राणी आणि झाडे आहेत म्हणून फॉरेस्ट ठरते असे मात्र त्यात नाही. राजाची सनद आहे म्हणून ते फॉरेस्ट. आज जंगलतोडीसाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द त्या काळी जमीन या कायद्यातून मोकळी करण्यासाठी होता, आणि वृक्षारोपणासाठी वापरला जाणारा शब्द जमीन या कायद्याखाली आणण्यासाठी. कुऱ्हाड किंवा रोप, दोन्हींची त्यात गरज नव्हती. एका शिक्क्यावर काम भागत असे.

त्या कायद्याचा तपशील पाहिला की पूर्व विदर्भातल्या वाचकाला तो अनोळखी वाटणार नाही. रान साफ करून नांगर घातला तर तो एक गुन्हा होता आणि त्याला स्वतंत्र नाव होते. कुंपण किंवा झोपडी घातली तर दुसरा गुन्हा, त्यालाही नाव. झाडे तोडली तर ‘वेस्ट’. आज ‘वाया जाणे’ एवढाच अर्थ उरलेला हा शब्द तेव्हा एका कलमाचे नाव होता. गुरे चारण्याची फी वसूल करणारा माणूस वेगळा आणि हिरवाई सांभाळणारा वेगळा. रेंजर म्हणजे हद्दीबाहेर भरकटलेले हरीण हाकून परत आत घालणारा नोकर. देवरीत आज रेंजर म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, त्याच्याखाली राउंड सांभाळणारा वनपाल आणि बीट सांभाळणारा वनरक्षक. ही सगळी नावे माणसाच्या फिरण्यावरून पडलेली आहेत, झाडावरून नाही. गस्तीची वाट म्हणजे बीट, फेरी म्हणजे राउंड. राज्य नॉर्मनांचे असो, ब्रिटिशांचे असो किंवा आपले, फॉरेस्टच्या कारभारात कोण कुठवर फिरतो आणि कुणाला अडवतो याला पहिले महत्त्व.

हा कायदा लोकांना इतका जाचक होता की १२१५ च्या मॅग्ना कार्टातही त्याच्याविरुद्धची कलमे आली, आणि दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १२१७ मध्ये, लहानग्या तिसऱ्या हेन्रीच्या नावाने फॉरेस्टची एक वेगळी सनद काढावी लागली. मॅग्ना कार्टाचे नाव शाळेतल्या मुलालाही माहीत असते, ही दुसरी सनद मात्र इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच दिसते. खरे तर सामान्य माणसाचे पोट तिच्यातच होते. आधीच्या राजांनी फॉरेस्टमध्ये ओढलेल्या जमिनी मोकळ्या करण्याचे वचन तिच्यात आहे. हरणासाठी कुणाचा जीव किंवा अवयव घेतला जाणार नाही असे कलम आहे. स्वतंत्र माणसाने स्वतःच्या रानात डुकरे चारावीत आणि तिथे सापडलेला मधही त्याचाच, असेही आहे. मधाचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो, कारण २००६ च्या आपल्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची यादी दिली आहे तिच्यातही मध आहे, बांबू, तेंदूपत्ता, लाख आणि टसरच्या कोशांच्या जोडीने. मधे जवळजवळ आठशे वर्षे गेली आणि दोन्हीकडच्या लोकांना रानातल्या मधासाठी कागदावर परवानगी लिहून घ्यावी लागली. ‘गौण’ हा शब्दही खात्याच्या बाजूने उभा राहून दिलेला आहे. खात्याच्या हिशेबात साग प्रमुख आणि तेंदू गौण. उन्हाळ्यात भल्या पहाटे पाने तोडून, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून, संध्याकाळी फडीवर मोजून देणाऱ्या घराच्या हिशेबात नेमके उलटे.

आता हा शब्द आपल्याकडे कसा आला ते पाहू. १८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनतज्ज्ञ हिंदुस्थानच्या जंगलांचा पहिला महानिरीक्षक झाला, १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला, १८७८ मध्ये दुसरा आणि १९२७ मध्ये तिसरा. १९२७ चा कायदा आजही लागू आहे. त्यात लाकूड म्हणजे काय, गुरे म्हणजे काय, वनोपज म्हणजे काय, याच्या व्याख्या आहेत. झाडाची व्याख्या तर इतकी ऐसपैस होती की त्यात ताड, बांबू, खुंट आणि झुडपेही बसत. बांबूला त्या व्याख्येतून २०१७ मध्ये बाहेर काढले, म्हणजे नव्वद वर्षे बांबू हे गवत कायद्यापुरते झाड होते. या सगळ्या व्याख्यांमध्ये फॉरेस्टची व्याख्या मात्र नाही. ही विसरभोळेपणाने राहिलेली चूक आहे असे मला वाटत नाही. राखीव किंवा संरक्षित म्हणून सरकार जे जाहीर करील ते फॉरेस्ट, ही त्या कायद्याची चौकट आहे. सरकारच्या मालकीची जंगलजमीन असो वा पडीत, जाहीर केली की झाले. मॅनवुडने हा कायदा पाहिला असता तर तो त्याला पहिल्या वाचनात कळला असता.

देवरीचा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता, भंडारा जिल्ह्यात. खुल्या, धानपिकाच्या भागात मालगुजारी होती, डोंगराळ भागात चिचगड, पुराडा अशा जमीनदाऱ्या. तालुक्यातल्या पालांदूरच्या नावापुढे कागदोपत्री आजही ‘जमीनदारी’ लावतात, कारण चौरास भागात दुसरे पालांदूर आहे. ब्रिटिशांनी जमाबंदी केली तेव्हा पिकाखाली नसलेल्या जमिनीला त्यांनी ‘वेस्ट’ म्हटले. या शब्दाचा इंग्लंडमधला जहागिरीतला अर्थ वेगळा होता: गावाने गुरे चारायची, सरपण आणायची मोकळी जमीन. म्हणजे वेस्ट हा वापरातल्या जमिनीचाच एक प्रकार होता. इथे त्याचा अर्थ महसूल न देणारी, म्हणून वाया गेलेली जमीन असा झाला आणि तिचा मोठा हिस्सा सरकारच्या राखीव जंगलात गेला. मालगुजार-जमीनदारांकडे जे रान राहिले त्यावर गावकऱ्यांचा निस्तार चाले. निस्तार म्हणजे चराई, सरपण, औताला लाकूड, छपराला गवत, खळ्याला आणि मसणवट्याला जागा. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी-जमीनदारी संपली आणि ते रान सरकारजमा झाले. त्या वेळी गावनिहाय निस्तार पत्रके झाली, आणि जिथे झुडपे, गवत आणि एखाददुसरे झाड एवढेच होते, त्या चराईच्या पडीक जमिनींची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी झाली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. निस्तार पत्रकाला १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १६१ मिळाले. जमीन महसूल खात्याकडे राहिली, तिच्यावर शाळा, दवाखाने, आठवडी बाजार, स्मशानभूमी उभ्या राहिल्या, सरकारने पट्टेही वाटले. नोंदीतला शब्द तेवढा तसाच राहिला.

पुढे १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची तर केंद्राची मंजुरी हवी, असे त्याने ठरवले. तरीही फॉरेस्ट म्हणजे काय हा प्रश्न मोकळाच होता. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला उत्तर दिले. फॉरेस्ट हा शब्द शब्दकोशातल्या अर्थाने घ्यावा, आणि शिवाय मालकी कुणाचीही असो, सरकारी दफ्तरात ज्या जमिनीची फॉरेस्ट म्हणून नोंद आहे तीही त्यात धरावी. एका वाक्यात दोन कसोट्या आल्या आणि त्या एकमेकींच्या जातीच्या नाहीत. पहिली झाडांकडे बघते, दुसरी कागदाकडे. झुडपी जंगल पहिल्या कसोटीला धड उतरत नाही. दुसऱ्या कसोटीला मात्र ते ‘जंगल’ या एका शब्दामुळे पुरेपूर उतरते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत वनव्यवस्थापनास अयोग्य म्हणून ठरवलेली सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमीन या वाक्यात अडकली.

इथे कुणी म्हणेल की शब्दाचे मूळ उकरून आजचा वाद सुटत नसतो. अर्थ बदलतात, फॉरेस्टचाही बदलला, नवव्या शतकातले लॅटिन विसाव्या शतकातल्या न्यायाधीशावर लादायचे कशाला? हा आक्षेप व्युत्पत्तीपुरता मला पूर्ण मान्य आहे. व्युत्पत्तीवरच बेतायचे तर ‘अरण्य’ शब्दाचे मूळही परके, दूरचे, गावाबाहेरचे असेच सांगतात, आणि त्यापासून निघालेल्या ‘रान’ शब्दाचा अर्थ देशावरच्या शेतकऱ्याच्या तोंडी आता चक्क शेत असा आहे. पण माझा मुद्दा मुळावर उभा नाही, वापरावर उभा आहे. सर्वसाधारण इंग्रजी बोलण्यात फॉरेस्टचा अर्थ झाडांकडे सरकला, हे खरे. कायद्याच्या इंग्रजीत तो सरकलाच नाही. १७५५ च्या सॅम्युएल जॉन्सनच्या शब्दकोशात दोन अर्थ शेजारी-शेजारी दिले आहेत: एक, मधून मधून झाडी असलेली बिननांगरलेली जमीन, दुसरा, कायद्यातला, राजाच्या संरक्षणाखाली वन्य प्राण्यांसाठी राखलेला प्रदेश. शब्दकोशातला अर्थ घ्या म्हणताना कोणता शब्दकोश हे सांगावे लागते. जॉन्सनचा घेतला तर झुडपी जंगल पहिल्याच अर्थात जसेच्या तसे बसते. घनदाट वृक्षांचा प्रदेश अशी व्याख्या करणारा अलीकडचा कोश घेतला तर ते बाहेर पडते. म्हणजे शब्दकोशाने तटस्थपणे निकाल दिला, हे म्हणणे टिकत नाही.

‘जंगल’ या शब्दाने तर याहून मोठी फेरी मारली आहे. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ‘जांगल’ म्हणजे कोरडा, मोकळा, काटेरी झुडपांचा, काळवीट-हरणांचा प्रदेश. दमट, पाणथळ, गर्द मुलूख तो ‘आनूप’. वैद्यकाच्या दृष्टीने जांगल प्रदेश निरोगी आणि तिथल्या प्राण्यांचे मांस हलके. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्रजीत गेला तेव्हा पडीक, बिनलागवडीची जमीन हाच त्याचा अर्थ होता. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात यूल आणि बर्नेल यांनी तो सरकत कसा गेला हे नोंदवले आहे. किपलिंगच्या ‘जंगल बुक’पर्यंत, म्हणजे १८९४ पर्यंत, जंगल म्हणजे वेलींनी गुंतलेली गर्द अंधारी झाडी हे जगभर ठरून गेले. त्या पुस्तकाची भूमी असलेले शिवनी गोंदियापासून फार लांब नाही, हा योगायोग. महसुली दफ्तरातल्या जुन्या कारकुनाने ‘झुडपी जंगल’ लिहिले तेव्हा त्याच्या मनात किपलिंग नव्हता, जुना जांगल प्रदेश होता. हद्दीपलीकडे छत्तीसगड-मध्य प्रदेशच्या दफ्तरांत ‘बडे झाड का जंगल’ आणि ‘छोटे झाड का जंगल’ अशा जोडीच्या नोंदी सापडतात, त्याही याच नजरेने केलेल्या. ज्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात तिथल्या माणसाला झाडी आणि झुडूप यांतला फरक कुणी शिकवायला नको होता. नोंद अचूक होती, वाचणारे बदलले.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. १९९६ च्या आदेशाने देशभरात लाखो हेक्टर जमीन वाचवली. व्याख्या घट्ट केली असती तर खाणवाले आणि बिल्डर यांनी ती केव्हाच गिळली असती. मग जुन्या अर्थांचा काथ्याकूट करून त्या ढालीला भोक कशाला पाडायचे? आणि उघडा झुडपी माळ काही निरुपयोगी नसतो. ससे, तित्तर, लांडगे, गवतावर जगणारे असंख्य जीव तिथेच राहतात. या म्हणण्यातला दुसरा भाग माझ्याच बाजूचा आहे. माळ राखायचा तर तो माळ म्हणून राखावा. त्याला फॉरेस्ट म्हटल्यावर पहिला धोका हा की कुणीतरी तिथे खड्डे खणून झाडे लावायला येतो, आणि चराईचे गवत व गवतातले जीव दोन्ही जातात. पहिल्या भागाबद्दल बोलायचे तर ढाल खरी होती, यात शंका नाही. २०२३ च्या दुरुस्तीने व्याख्या आवळली तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने हंगामी आदेश देऊन १९९६ चाच अर्थ चालू ठेवायला सांगितले, ते योग्यच झाले असे मला वाटते. पण ती ढाल कशाची होती हे नीट पाहावे. खाणवाल्याला अडवले ते केंद्राच्या मंजुरीच्या अटीने, म्हणजे अधिकारक्षेत्राने. शब्दकोशाने फक्त त्या अधिकाराची हद्द आखून दिली. मग हद्द कुणासाठी आणि कुठवर, हा प्रश्न उघडपणे विचारता येतो. १२१७ मध्ये इंग्लंडच्या सरदारांनी तो विचारला होता. शब्दकोशाच्या आड तो विचारता येत नाही, कारण तिथे झाडे आहेत की नाहीत एवढ्यावरच बोलणे थांबते. शिवाय जी हद्द खाणवाल्याला अडवते तीच चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला खोली वाढवण्यापासूनही अडवते. नुसत्या शब्दाला या दोघांत फरक करता येत नाही, सनदेला करता येतो.

२२ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने झुडपी जंगलाचा निकाल दिला, आणि त्याची बांधणी पाहिली तर ती सनदेच्या जवळ जाते. झुडपी जंगल हे १९९६ च्या आदेशानुसार फॉरेस्टच, हे निकालाने आधी पक्के केले. त्यानंतर अपवाद सांगितले. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटलेल्या जमिनी वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राची मंजुरी घ्यावी, त्यासाठी भरपाईचे वनीकरण किंवा पैसे मागू नयेत. त्यानंतरच्या वाटपांची मात्र कारणे द्यावीत आणि ती कुणी केली त्या अधिकाऱ्यांची नावेही द्यावीत. २५ ऑक्टोबर १९८० नंतर धंद्यासाठी झालेली अतिक्रमणे हटवावीत. यादीतून वगळणे म्हणजे त्या जुन्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ: झाड न तोडता केलेली ‘जंगलतोड’. तीन हेक्टरांहून लहान, कोणत्याही जंगलाला लागून नसलेले झुडपी तुकडे १९२७ च्या कायद्याच्या कलम २९ खाली संरक्षित वन म्हणून जाहीर करायचे आहेत. त्यांत झाड असो वा नसो, एखादा तुकडा गावाच्या आखराला लागून असो की वस्तीच्या मधोमध, तो फॉरेस्ट होईल. आणि त्यावर अतिक्रमण होऊ नये याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली आहे तो वनखात्याचा माणूस नाही. तो उपविभागीय दंडाधिकारी आहे, म्हणजे देवरीपुरते बोलायचे तर महसूल खात्याचा तिथला उपविभागीय अधिकारी.